चाळ, बिऱ्हाड आणि मालकीची जागा

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी यंदा प्रत्येकीने आपल्या भागाविषयी काही ना काही लिहावे, असे कार्यवाहबाईंनी सुचविले. कोणी ठाण्याच्या तलावांवर लिहिते आहे, कोणी कल्याणच्या देवळांवर. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा विद्वत्तेचा विषय मी घेऊ नये, हेच बरे. पण माणसाच्या डोक्यावर छप्पर कसे आले, ही गोष्ट स्वयंपाकघरातून जितकी नीट दिसते तितकी ती कचेरीतून दिसत नसावी. म्हणून ठाणे, डोंबिवली आणि कल्याण या पट्ट्यात आपली कुटुंबे कशी येऊन राहिली, त्यांना जागा मिळवून देण्यासाठी कोणी काय केले, आणि ती जागा धड होती की नव्हती, हे माझ्या अल्पमतीप्रमाणे मांडते. वाचनालयातली पुस्तके, वर्तमानपत्रे आणि वडीलधाऱ्या बायकांच्या तोंडून ऐकलेले, एवढीच माझी शिदोरी आहे.

"घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून" अशी आपली जुनी म्हण आहे. ती ज्याच्या पायाखाली चार हात स्वतःची जमीन होती त्याची म्हण. मुंबईत पोटासाठी आलेल्या माणसापुढे घर बांधण्याचा प्रश्नच नव्हता. त्याला पाठ टेकायला जागा हवी होती. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली आणि दाटीवाटीने, अंधाऱ्या खोल्यांत राहणाऱ्या लोकांची काय दैना आहे ती सरकारला दिसली. १८९८ साली इंप्रूव्हमेंट ट्रस्ट नावाची संस्था निघाली. तिने रुंद रस्ते काढले, कोंदट वस्त्या पाडल्या; पण ज्यांची खोली पाडली त्या सगळ्यांना नवी खोली मिळालीच असे झाले नाही. पाडणे लवकर होते आणि बांधणे उशिरा, हा अनुभव तेव्हापासूनचा आहे.

त्यानंतर १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. आपण ज्यांना बीडीडी चाळी म्हणतो त्या याच खात्याच्या. त्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया कर बसविला होता, म्हणजे गिरणीच्या कापसातूनच गिरणीकामगारांच्या खोल्यांना पैसा काढला. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून अशा २०७ चाळी उभ्या राहिल्या. माझी आत्या वरळीच्या चाळीत नांदली. दहा फूट रुंद आणि सोळा फूट लांब अशी एक खोली, मजल्यावर सामाईक मोरी आणि सामाईक संडास. त्या एका खोलीत सासूसासरे, दोन दीर आणि गावाहून नोकरी शोधायला आलेला कोणी ना कोणी असायचाच. आत्या म्हणे, "आमच्याकडे भिंतींनाच माणसांची सवय झाली होती." पण भाडे परवडत होते, नोकरीचे ठिकाण चालत जाण्याइतके जवळ होते आणि अडीअडचणीला शेजार होता. स्वस्त घराचा विचार करताना या तीन गोष्टी विसरून चालत नाही.

आता आपल्या भागाकडे वळू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली आणि पुढच्याच वर्षी, १८५४ च्या मे महिन्यात, ती कल्याणला पोहोचली. गाडी आली म्हणून लगेच चाकरमाने इकडे राहायला आले असे नव्हे. ठाणे, कल्याण ही जुनी गावे. तेथे वाडे होते, भातशेती होती, खाडीवरचा व्यापार होता. पुढे विजेच्या गाड्या आल्या. १९२५ साली मुंबईहून कुर्ल्यापर्यंत पहिली विजेची गाडी धावली, मग ती सोय हळूहळू कल्याणपर्यंत आली. ठाकुर्लीजवळचे चोळ्याचे पॉवर हाउस रेल्वेला वीज पुरविण्यासाठीच उभे राहिले. गाडी जलद झाली तशी मुंबईच्या कचेरीतल्या कारकुनाला डोंबिवली परवडू लागली. गिरगावात एका खोलीला जे भाडे पडे त्यात येथे दोन खोल्या, पुढे ओटी, मागे विहीर आणि तुळशीला जागा मिळे. डोंबिवलीतले जुने लोक अजूनही कौलारू घरे, कंदिलाचा उजेड आणि पावसाळ्यात गुडघाभर चिखल यांच्या गोष्टी सांगतात.

१९४७ साली देशाची फाळणी झाली आणि घराचा प्रश्न एका रात्रीत वाढला. सिंधमधून आलेल्या हजारो कुटुंबांना सरकारने कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आणून ठेवले. महायुद्धात शिपायांसाठी बांधलेल्या त्या बराकी. अशा बराकींमध्ये सुमारे लाखभर निर्वासित राहिले. गोणपाटाचे पडदे लावून एका बराकीत कितीतरी चुली पेटत. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची कोनशिला बसली आणि कल्याण कँपचे उल्हासनगर झाले. आमच्या एका शेजारीण सिंधी बाईंच्या सासूबाई त्या बराकीत वाढल्या. घरी बसून पापड लाटून त्यांनी संसार सावरला. ज्याला आपण तात्पुरते म्हणतो ते घर पुष्कळदा माणसाला जन्मभर पुरवावे लागते, हे या छावणीने दाखवले.

त्याच १९४७ साली मुंबई इलाख्यात भाडेनियंत्रणाचा कायदा झाला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते ते प्रमाण भाडे धरावे आणि भाडे देणाऱ्याला मनमानीने बाहेर काढू नये, असा त्याचा आशय. या कायद्याने गरीब आणि मध्यम माणसाला मोठा आधार दिला, यात शंका नाही. विधवा बाईला, म्हाताऱ्या पेन्शनराला मालकाने हात धरून बाहेर काढावे, हे त्यामुळे थांबले. पण महागाई वाढत गेली आणि भाडे तेथेच राहिले. आठ-दहा रुपये भाड्यात चाळीची कौले बदलणे मालकाला परवडेना, म्हणून त्याने दुरुस्ती सोडली. नव्याने भाड्यासाठी खोल्या बांधणेही लोकांनी सोडले. मग जी खोली मिळेल तिच्यासाठी आधी मोठी रक्कम मोजायची, म्हणजे पागडी द्यायची, ही चाल पडली. ती कायद्यात बसत नव्हती, तरी सर्रास चालत होती. १९९९ च्या नव्या भाडेनियंत्रण कायद्याने अखेर तिला मान्यता दिली. मुंबई बेटावरच्या जुन्या इमारतींसाठी १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ झाले. ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या जुन्या चाळींना आणि वाड्यांना तसे मंडळ मिळाले नाही. मालक दुरुस्ती करीत नाही, भाडेकरूला करू देत नाही, आणि पाऊस काही थांबत नाही, अशा तिढ्यात आपली कितीतरी जुनी घरे सापडली. पुढे काय झाले ते ओघाने येईलच.

या तिढ्यातून वाट काढण्याचा एक सरळ मार्ग काही शहाण्या माणसांनी पूर्वीच दाखविला होता. तो म्हणजे सहकार. भाडे देत राहण्यापेक्षा दहा कुटुंबांनी एकत्र यावे, थोडे थोडे पैसे घालावेत, जमीन घ्यावी आणि सर्वांनी मिळून घर बांधावे. मुंबईत श्रीपाद सुब्बराव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ साली गावदेवीला सारस्वत मंडळींची सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली. तिचे वारे आपल्याकडेही आले. ठाण्याच्या नौपाड्यात ब्राह्मण सोसायटी हे वस्तीचे नाव आजही चालू आहे. त्या काळी अशा संस्था पुष्कळदा जातीजातीच्या निघत. ज्यांच्याजवळ आधीच थोडी ऐपत आणि ओळख होती त्यांनाच त्यांचा लाभ झाला, हेही खरे. १९६० साली महाराष्ट्र सहकारी संस्थांचा कायदा झाला आणि त्यानंतर सोसायटी हा शब्द आपल्या घराघरांत रुळला.

सरकारनेही काही घरे बांधली. स्वातंत्र्यानंतर मुंबई हाउसिंग बोर्ड स्थापन झाले. पुढे १९७६ च्या कायद्याने त्याचे म्हाडा झाले. ठाण्याचे वर्तकनगर ही बोर्डाची मोठी वसाहत. १९६१ साली औद्योगिक विकास महामंडळाचा कायदा झाला, ठाण्याला वागळे इस्टेट उभी राहिली आणि पुढे डोंबिवलीलाही कारखाने आले. कारखाना आला की माणूस येतो आणि माणूस आला की त्याला खोली लागते. पण कारखान्यासाठी जमीन जितक्या तत्परतेने आखली गेली, तितक्या तत्परतेने कामगाराच्या खोलीसाठी आखली गेली नाही. ती जागा मग खाजगी बांधणाऱ्यांनी आणि चाळमालकांनी भरून काढली.

येथून मालकीच्या जागेचा काळ सुरू होतो. १९६३ साली महाराष्ट्रात ओनरशिप फ्लॅटचा कायदा झाला. बांधणाऱ्याने जमिनीचे कागद दाखवावेत, मंजूर नकाशा दाखवावा, मोठी आगाऊ रक्कम घेण्यापूर्वी नोंदणी केलेला करार करावा, राहणाऱ्यांची सोसायटी करून द्यावी आणि जमीन व इमारत तिच्या नावे करून द्यावी, अशी त्याची कलमे. कागदावर कायदा उत्तम होता. परंतु जमीन सोसायटीच्या नावे करून देण्याचे काम कितीतरी बांधणाऱ्यांनी टाळले. म्हणून २००८ साली कायद्यात दुरुस्ती करून 'मानीव अभिहस्तांतरण' आणावे लागले. नाव अवघड, पण अर्थ सोपा आहे. बांधणाऱ्याने सही केली नाही तरी सोसायटीने जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करावा, आणि त्यांनी चौकशी करून जमीन सोसायटीच्या नावे करण्याचा दाखला द्यावा. आपल्या सोसायटीचे हे काम झाले आहे का, असा प्रश्न मंडळात प्रत्येकीने घरी जाऊन विचारावा, असे मी सुचवीन. पुष्कळ घरी उत्तर 'माहीत नाही' असेच येईल.

पैसा कोठून येई, तेही सांगायला हवे. मोठ्या बँका साध्या पगारदाराला घरासाठी कर्ज देत नसत. १९७० साली डोंबिवली नागरी सहकारी बँक, १९७२ साली ठाणे जनता सहकारी बँक आणि १९७३ साली कल्याण जनता सहकारी बँक निघाली. या बँका आपल्या लोकांनी आपल्या लोकांसाठी काढलेल्या. १९७७ साली हसमुखभाई पारेख यांनी एच.डी.एफ.सी. स्थापन केली आणि पगाराच्या भरवशावर, दरमहा हप्त्याने फेडायचे घरकर्ज हळूहळू सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. आमच्या सासूबाईंनी १९७८ साली डोंबिवलीत एक खोली आणि स्वयंपाकघर अशी जागा घेतली. त्यांच्या चार पाटल्या गेल्या, मोहनमाळ गेली आणि सासऱ्यांच्या कचेरीतल्या पतपेढीचे कर्ज झाले. पहाटे चारला नळाला पाणी येई, तेव्हा सगळा मजला जागा होई. पण "पावसात भांडी मांडावी लागत नाहीत" एवढ्या एका गोष्टीवर त्या समाधानी होत्या. विशेष हे की पाटल्या त्यांच्या गेल्या आणि करारावर नाव मात्र फक्त सासऱ्यांचे लागले. त्यात कोणाला काही वावगेही वाटले नाही. तेव्हाची रीतच तशी होती.

१९७६ साली शहरी जमीन कमाल धारणेचा कायदा आला. शहरात कोणाकडे मर्यादेपेक्षा जास्त मोकळी जमीन असेल तर ती सरकारने घ्यावी आणि गरिबांच्या घरांसाठी वापरावी, हा त्याचा हेतू. प्रत्यक्षात फार थोडी जमीन त्या कामी आली, आणि २००७ साली महाराष्ट्राने तो कायदा रद्द केला. मात्र त्या कायद्याचा चांगला उपयोग कसा करता येतो याचे एक उदाहरण मृणालताई गोरे यांनी घालून दिले. १९७२ साली महागाईविरुद्ध बायकांचे लाटणे मोर्चे निघाले, त्यांत अहिल्याताई रांगणेकरांबरोबर मृणालताई होत्या, हे आपल्या आईच्या पिढीला चांगले आठवत असेल. गोरेगावात पाण्यासाठी झगडल्या म्हणून लोक त्यांना पाणीवाली बाई म्हणत. त्यांनी आणि बाबूराव सामंत यांनी मिळून नागरी निवारा परिषद उभी केली, अशी जादा जमीन सामान्य माणसाच्या घरासाठी मिळावी म्हणून अनेक वर्षे कोर्टकचेऱ्या केल्या आणि गोरेगावच्या दिंडोशीला सहा हजारांहून जास्त घरे उभी केली. कोणा धनिकाने दान दिले नाही. राहणाऱ्यांनीच पैसे भरले, पण जमीन रास्त भावात मिळाली आणि मधला नफा गेला, म्हणून घर परवडले. घर महाग होते ते विटांमुळे कमी आणि जमिनीमुळे अधिक, हा धडा मला त्यातून कळला.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगारांचा तो संप डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली झाला आणि त्यातून कितीतरी घरे उन्मळून पडली. लालबाग-परळची खोली विकून माणसे डोंबिवली, कल्याण, बदलापूरकडे आली. मी लहान होते तेव्हा आमच्या चाळीत दर महिन्याला एखादे नवे बिऱ्हाड येई. एक टेंपो, एक लोखंडी खाट, पितळेची भांडी आणि गणपतीचा फोटो. याच सुमारास, १९८२ साली ठाण्याची आणि १९८३ साली कल्याण-डोंबिवलीची महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत ठाण्याची वस्ती अठरा लाखांच्या वर आणि कल्याण-डोंबिवलीची सुमारे साडेबारा लाख भरली. एवढी माणसे कायदेशीर, मंजूर इमारतींत मावली नाहीत, आणि मावली तरी त्यांना तो भाव परवडला नाही. मग सरकारी जमिनीवर, खाडीकाठी, डोंगराच्या उतारावर चाळी उठल्या आणि चाळींच्या जागी परवानगीशिवाय इमारती उठल्या. कल्याण-डोंबिवलीतल्या बेकायदा बांधकामांची चौकशी करण्यासाठी उच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून निवृत्त न्यायमूर्ती अग्यार यांची समिती बसली. तिच्यापुढे अशा सुमारे ६८ हजार बांधकामांची गणना आली.

अशा घरांची किंमत माणसांनी कशी मोजली, ते लिहिताना हात जड होतो. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळ येथे सात मजल्यांची इमारत कोसळली आणि ७४ माणसे गेली. ती काही महिन्यांत, परवानगीवाचून उभी केलेली. वरचे मजले बांधले जात असतानाच खाली गरीब कुटुंबे आणून ठेवली होती, कारण माणसे राहत असली की इमारत पाडता येत नाही. २८ जुलै २०१५ रोजी ठाकुर्लीची मातृकृपा इमारत पडली आणि नऊ माणसे गेली. पुढच्याच आठवड्यात, ४ ऑगस्टला, ठाण्याच्या नौपाड्यात कृष्णनिवास पडली. तेथे बारा गेली. शीळची इमारत नवी होती. ठाकुर्लीची आणि नौपाड्याची जुनी, मुरलेली, कित्येक वर्षांच्या बिऱ्हाडांची. म्हणजे बेकायदा नवे घर धोक्याचे, आणि दुरुस्तीवाचून राहिलेले जुने घरही तितकेच धोक्याचे.

कित्येकजण विचारतात की इमारत पडेल असे दिसत असताना लोक बाहेर का पडत नाहीत. याचे उत्तर भाडेकरूच्या मनात शिरल्यावाचून मिळत नाही. एकदा खोली सोडली आणि इमारत पाडली की परत जागा मिळेल याची त्याला खात्री नसते. दुसरीकडे भाडे द्यायचे तर पगार पुरत नाही. म्हणून तो टेकू लावून राहतो. त्याला नुसती नोटीस देऊन भागत नाही. त्याच्या खोलीचे क्षेत्रफळ मोजून महापालिकेने लेखी नोंद द्यावी, म्हणजे नवी इमारत झाल्यावर त्याचा हक्क बुडत नाही, आणि तोवर राहायला जागा द्यावी. हे झाले तर माणूस बाहेर पडतो. ठाण्यात दाटीच्या वस्त्या एकत्र घेऊन नव्याने बांधण्याच्या समूह योजनेचे काम किसननगरला २०२३ साली सुरू झाले. तेथेही लोकांचा पहिला प्रश्न हाच होता की, आम्हाला याच ठिकाणी जागा मिळेल ना?

ज्या भगिनी सोसायटीत राहतात त्यांनीही स्वस्थ बसू नये. इमारत पंधरा वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांची झाली की दर तीन वर्षांनी तिची तपासणी, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट, करून घ्यावी असे सोसायटीच्या आदर्श उपविधीत आहे. भिंतीतून खारट ओल येणे, गच्चीचा गिलावा सुटणे, खांबातली सळई गंजून फुगणे ही इमारतीची दुखणी. ती आधी बायकांच्याच नजरेस पडतात, कारण दिवसभर घरात आपण असतो. सभेत मात्र आपण मागच्या बाकावर बसतो. तेथे पुढे येऊन हे सांगायला हवे.

आता अलीकडच्या प्रकाराकडे येते. तो आपल्या अगदी दाराशी घडला आहे. २०१६ साली केंद्राने घर घेणाऱ्यांच्या रक्षणासाठी रेरा कायदा केला आणि १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात महारेरा सुरू झाले. बांधणाऱ्याने कामाची नोंदणी केल्यावाचून जाहिरात करू नये, करार करण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ नये, लोकांकडून आलेल्या पैशातले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवून त्याच कामावर खर्च करावेत, आणि ताबा दिल्यावर पाच वर्षे इमारतीतला दोष आपल्या खर्चाने दुरुस्त करावा, असे त्यात आहे. लोकांना वाटले, आता भीती नाही. पण डोंबिवलीत पासष्ट इमारतींच्या बाबतीत महापालिकेची बनावट बांधकाम परवानगी तयार करून तिच्या आधारावर महारेराचा नंबर मिळविल्याचे २०२२ साली उघड झाले. नंबर खरा, त्याच्यामागचा कागद खोटा. तो नंबर पाहून लोकांनी पैसे दिले, कर्जे काढली. २०२४ च्या नोव्हेंबरात उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला आणि हजारो संसार रस्त्यावर येण्याची वेळ आली. हप्ता चालू आहे आणि घर जाणार, अशी त्या घरच्या बायकांची अवस्था. त्यातली एक बाई माझ्या मुलीच्या शाळेत भेटे. ती म्हणाली, "आम्ही काही झोपडी टाकली नव्हती हो, स्टँप ड्यूटी भरून घर घेतले होते." यावर मला काही बोलता आले नाही.

म्हणून घर घेऊ पाहणाऱ्या प्रत्येक घरात पुढील गोष्टी पाहिल्याच पाहिजेत. जमिनीचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक कोणाच्या नावे आहे. वकिलाकडून मागच्या तीस वर्षांचा शोध घेतला आहे का. बांधकाम सुरू करण्याचा दाखला आणि मंजूर नकाशा आहे का. तयार इमारत असेल तर भोगवटा दाखला आहे का. आणि या कागदांची झेरॉक्स पाहून समाधान मानू नये. स्वतः महापालिकेच्या नगररचना खात्यात जाऊन, तो जावक क्रमांक त्यांच्या वहीत आहे की नाही ते पडताळून घ्यावे. अर्धा दिवस मोडेल, पण जन्माची मिळकत वाचेल. भाड्याने राहणाऱ्यांनीही करार नोंदवून घ्यावा. १९९९ च्या कायद्याप्रमाणे तो नोंदविण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. आम्ही लग्नानंतर सात वर्षे भाड्याने राहिलो. अकरा महिने भरले की मालकाचा निरोप येई आणि अनामत वाढे, नाहीतर जागा बदला. दोनदा मुलीची शाळा बदलावी लागली. कराराचा कागद हाती नसेल तर शाळेत, रेशनच्या कचेरीत पत्ता म्हणून दाखवायला काही उरत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

शेवटी एक गोष्ट खास आपल्या विचारासाठी. घरावर बाईचे नाव असावे, ही गोष्ट आता सरकारच्या धोरणातही आली आहे. खेड्यांसाठी २००३ साली 'घर दोघांचे' ही मोहीम निघाली. २०१५ च्या पंतप्रधान आवास योजनेत अल्प उत्पन्नाच्या कुटुंबाला घर घेताना घरातल्या स्त्रीचे नाव लावण्याची अट घातली. आपल्याकडे शिरढोण, खोणी येथे म्हाडाने या योजनेतील घरे बांधली व सोडत काढून दिली. १ एप्रिल २०२१ पासून घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळू लागली. आपल्यापैकी कित्येकींनी घरासाठी दागिने मोडले आहेत, डबे करून, शिवण करून हप्ते भरले आहेत. तेव्हा करारावर नाव लावा म्हणून सांगण्यात संकोच कसला? नाव लागल्याने नवऱ्याचा मान कमी होत नाही, आणि उद्या वाईट दिवस आला तर मुलाबाळांच्या डोक्यावरचे छप्पर राहते. आमच्या घरी सासूबाईंची जागा सासऱ्यांच्या मागे त्यांच्या नावे व्हायला सहा वर्षे लागली. किती कागद, किती खेपा! आरंभीच दोघांची नावे असती तर एवढा त्रास झाला नसता. आमच्या घराच्या करारावर आम्हा दोघांची नावे आहेत, आणि ती लावा असे सासूबाईंनीच सांगितले.

आपले मंडळ हळदीकुंकू करते, भजन करते, सहली काढते. या सर्वांबरोबर महिन्यातून एक दुपार घराच्या कागदांसाठी ठेवावी, अशी माझी सूचना आहे. ज्या भगिनीला करार वाचता येत नसेल तिचा करार दुसरीने वाचून दाखवावा. ज्यांच्या इमारतीचे ऑडिट झालेले नाही त्यांची यादी करावी. घर घ्यायला निघालेल्या मुलाला किंवा जावयाला नगररचना खात्यात घेऊन जायला चौघीजणींनी बरोबर जावे. चार बायका गेल्या की कारकूनही वही लवकर काढतो. आपल्याकडे घरकाम करायला येणाऱ्या बायका बहुतेक चाळीत भाड्याने राहतात. त्यांनाही त्या दुपारी अगत्याने बोलवावे. प्लेगच्या साथीपासून आजपर्यंत कायदे पुष्कळ झाले, बोर्डे आणि मंडळे पुष्कळ निघाली. पण ज्या घरांना खरा आधार मिळाला तो बहुधा माणसे एकत्र आली तेव्हाच मिळाला, मग ती गावदेवीची सोसायटी असो की दिंडोशीची परिषद. आपण चाळीस-पन्नासजणी आहोत. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत, या कामातून निदान एका कुटुंबाची फसगत टळली, एवढी नोंद करता आली तरी आपल्या मंडळाचे वर्ष सत्कारणी लागले असे मी समजेन.